उपासाचं मीठ

मला कुणी "कशी आहेस?" विचारलं, की आताशा मी नुसतं "आहे" म्हणते. त्यापुढं बोलायला दम लागतो, आणि विचारणाऱ्यालाही त्यापुढचं नकोच असतं. त्याला लगेच म्हणायचं असतं, "चेहरा बाकी भरलाय हं तुझा!" भरलाय कसला, सुजलाय.

तरी हे लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात राहुरीकडची एक बाई पत्ता विचारत माझ्याकडं आली होती. तिच्या सुनेला माझाच आजार. वय माझ्याहूनही कमी. बाई उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "ताई, तिला वाचवायचं कसं ते मी विचारत न्हाई. डाक्टरनी सांगितलंय मला. तिला सांभाळायचं कसं, तेवढं सांगा." मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी मळमळ फार होती. म्हणून हे आता थोडं थोडं लिहिते. मांडीवर उशी घेऊन चार ओळी लिहायच्या, मग आडवं व्हायचं. कुठं तुटक वाटलं तर समजून घ्या.

जोडवी

आमचं घर देवळाली प्रवरेच्या बाहेर, पाटाच्या अलीकडं. मंदाचे वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस जिथं यंत्रात पडतो तिथं, कामाला. घरात ते, मी, आमची पाच वर्षांची मंदा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आवाज असा, की पाटापलीकडच्या म्हशीसुद्धा मान वर करून बघतात.

सकाळी उठलं की माझे डोळे सुजलेले असायचे. आत्याबाई म्हणाल्या, "रातभर रडलीस व्हय गं? काय केलं माज्या पोरानं?" त्यांनी काही केलं नव्हतं. मग पाय सुजायला लागले. आधी चपला होईनात, मग जोडवी बोटात रुतली. तेल लावलं, साबण लावला, पण निघेनात. शेवटी सोनाराला घरी बोलावून ती कापून काढावी लागली. सवाष्णीची जोडवी कापायची म्हणजे आत्याबाईंना केवढं अशुभ! त्या दिवसभर बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे तेव्हा मला कळलं.

लघवी कमी होते म्हटल्यावर आमच्याकडं सगळ्यांना एकच औषध ठाऊक, उसाचा रस. तोही तांब्या तांब्या प्यायले. पाय आणखी सुजले.

नगरचे डॉक्टर

नगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाकावर बसवून ह्यांना आत बोलावलं. दार अर्धं उघडं होतं. आवाज ऐकू येत नव्हता, पण हे दिसत होते. सारखी डोक्यावरची टोपी काढत होते, पुन्हा घालत होते. मी मनात म्हटलं, संपलं.

बाहेर आले तर म्हणाले, "मीठ बंद करायचंय तुजं."

"आणि?"

"आनि काय? मीठच."

एसटी स्टँडवर त्यांनी मला चहा घेऊन दिला आणि स्वतः घेतला नाही. दोन्ही मूत्रपिंडं वाळत चालली आहेत, हे त्यांना त्या दिवशी कळलं होतं. मला ते पुढं कितीतरी दिवसांनी कळलं. माझा आजार, माझं शरीर, आणि मला सोडून सगळ्यांना माहीत! त्या बाईला माझं पहिलं सांगणं हेच राहील, की सुनेला सांगा. तिला कळत नाही असं समजू नका. टोपी दिसते.

उपास

मीठ बंद म्हटल्यावर आत्याबाईंनी कंबर कसली. "त्यात काय मोठं? एकादस-शिवरात्रीला आपन मीठ खातो का? रोज उपास हाय म्हनायचं."

माझ्यासाठी वेगळी चूल मांडली. वेगळं पातेलं, वेगळी पळी. घरातली मिठाची बरणी वर फळीवर गेली आणि खाली एका वाटीत शेंदेलोण आलं. उपासाला चालतं ते, सैंधव. बाजारातून त्याचा लालसर खडा आणून त्या स्वतः कुटायच्या. रोज सोवळ्यानं भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. आणि काय सांगू, चव लागायची! मी शेजारणींना सांगायची, पथ्य आहे पण त्रास नाही बाई. आमच्यात कुणाच्या, अगदी कुणाच्याही, मनात आलं नाही की हेही मीठच आहे. लहानपणापासून डोक्यात पक्कं होतं, की मीठ ते वेगळं आणि हे उपासाचं वेगळं. एवढं पाळून सूज मात्र मांड्यांपर्यंत चढली. आडवं झालं की गुदमरायचं. वळकटीला टेकून बसून झोपायची.

शेवटी मला नगरच्या इस्पितळात ठेवलं.

वॉर्ड

इस्पितळात सगळ्या गोष्टींना वेळ असते, फक्त आपल्याला नसते. झाडू आला की पाय वर घ्यायचे. सिस्टर आल्या की बाटली दाखवायची, त्या लघवी मोजायच्या. मग पाणी मिळायचं, दिवसाला एक तांब्या, तेही त्यांच्या टेबलावर ठेवलेलं. मोठे डॉक्टर आले की सगळ्या आजारी बाया पदर नीट करून अशा बसायच्या, जणू पाहुणे बघायला आलेत.

ते दुष्काळाचं साल होतं. वॉर्डात बोलणं एकच, पाणी. कुणाच्या गावात टँकर आला, कुणाची विहीर आटली, कुणी जनावरं सोडून दिली. माझं माहेर कर्जतकडचं. तिथं तर पिकाचं नाव नव्हतं. माझी आई, दादा आणि वहिनी तिघंही सरकारी कामावर खडी फोडायला जात होती. तिकडं सगळी माणसं घागरी घेऊन पाण्यामागं पळत होती आणि इकडं माझ्या अंगात पाणी साठत होतं. देवाच्या कारभाराला काय म्हणावं? मला खूप राग यायचा. जीभ टाळूला चिकटायची आणि टेबलावरचा तांब्या डोळ्यांसमोर. एका सिस्टरनी मला लवंग दिली, म्हणाल्या, "तोंडात धरा, चावू नका. आणि चूळ भरायची, पण गिळायची नाही." त्या लवंगेनं मला जो आधार दिला तो भल्याभल्यांनी दिला नाही.

आत्याबाई एसटीनं डबा घेऊन यायच्या. इस्पितळाचं अन्न त्या मला खाऊ द्यायच्या नाहीत.

एक दिवस डॉक्टर आले आणि माझ्या पायावर बोट दाबून खड्डा बघत चिडले. "बाई, तुम्ही मीठ खाता. मला फसवून काय उपयोग?"

मी रडायलाच लागले. "मंदाची शपथ डॉक्टर, मिठाला शिवले नाही."

आत्याबाई मधे पडल्या. "तिला काय बोलायचं न्हाई सायेब. सोता करून घालती मी. ह्ये बघा, बघा तुमीच!" आणि डबा उघडून त्यांच्यापुढं धरला.

डॉक्टरांनी आमटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग म्हणाले, "आजी, ह्यात काय घातलंय?"

"शेंदेलोन. उपासाचं."

डॉक्टर माझ्या कॉटच्या कडेला बसले. मोठी माणसं अशी बसत नाहीत. "आजी, हेही मीठच आहे हो."

"न्हाई वो. मीठ वायलं. ह्ये देवाला चालतं."

"देवाला चालत असेल," ते हळू आवाजात म्हणाले, "पण हिच्या मूत्रपिंडांना चालत नाही. आणि हे शेंगदाणे, बटाटेसुद्धा नकोत."

आत्याबाईंनी डब्याचं झाकण लावलं. बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून बसल्या त्या संध्याकाळच्या एसटीपर्यंत. डोक्यावर पदर, मांडीवर डबा. जाताना एवढंच म्हणाल्या, "माज्या हातानं घातलं की गं मी तुला."

"आत्याबाई, मीपण खाल्लंच ना? मला तरी कुठं कळलं?"

त्यांनी ऐकलं नाही. घरी जाऊन ह्यांना सांगितलं, "तिला म्हायेरी धाडा. आईच्या हाताखाली ऱ्हाऊ द्या. माज्या हातनं पोरगी मारायची न्हाई मला."

विचारलं

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा येऊन बसले. ह्या वेळी ह्यांना एकट्याला बोलावलं नाही, ह्यांच्यादेखत माझ्याशी बोलले. मूत्रपिंडं पुन्हा चालू होणार नाहीत. मुंबईला रक्त साफ करायचं यंत्र आहे, पण ते थोड्यांनाच मिळतं, आणि मिळालं तरी त्याच्याजवळच राहावं लागतं. "मी तुम्हाला बरं करू शकत नाही," ते म्हणाले, "पण जितके दिवस आहेत ते बरे जावेत, एवढं पुष्कळ करता येतं. खाज, दम, मळमळ, झोप, ह्या सगळ्याला काही ना काही आहे. आता तुम्ही सांगा, तुम्हाला काय हवंय?"

लग्नाच्या वेळीसुद्धा मला कुणी असं विचारलं नव्हतं. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"मला माझ्या घरी राहायचंय. मंदाजवळ."

कर्जतला मंदाला नेता येणार नव्हतं. प्यायला पाणी नाही अशा ठिकाणी पोर न्यायची कशी? म्हणजे मी तिकडं आणि ती इकडं. आणि किती दिवस आहेत ते कुणाला ठाऊक! त्यातला एकही मला तिच्याविना घालवायचा नव्हता. हे मान खाली घालून म्हणाले, "आई तयार न्हाई. सारखी रडती." मग ठरलं ते असं, की दादाचं खडीचं काम आटोपलं की तो येऊन मला घेऊन जाईल. तोवर मी घरी.

अळणी

अळणी पिठलं कधी खाल्लंय? ओला चिखल बरा. पहिल्या दिवशी मी ताट ढकलून दिलं. मरायचंच आहे तर चवीनं मरू द्या, असं ओरडले. मंदा घाबरून माझ्याकडं बघत राहिली. आत्याबाईंनी सांडलेलं गोळा केलं, नवं वाढून आणलं आणि माझ्या ताटातला एक घास आधी आपण खाल्ला.

"खा. इतकं काय वाईट न्हाई."

"एक घास खाऊन दाखवायला तुमचं काय जातंय?" मी म्हटलं.

"काय जात न्हाई. खा."

रोज असंच व्हायचं. मी कॉटवर आधी जेवायची, मग हे आणि मंदा, आणि सगळ्यांचं झाल्यावर आत्याबाई आत चुलीपाशी एकट्या. त्या आत काय खातात ते मला दिसायचं नाही, आणि मी विचार तरी कशाला करू? स्वयंपाक करताना मात्र त्या अशा भ्यायच्या, की पीठ दोनदा चाळायच्या, पातेलं तीनदा विसळायच्या. कुठं मिठाचा कण राहायला नको. एरवीचा तो आवाज पार गेला होता. मला त्यांचा आरडाओरडा हवासा वाटायला लागला, यावरून समजा.

बाकी दिवस चाललेच होते. अंगाला खाज सुटायची, ती कातडीच्या आतून. मग मंदा खोबरेल तेल चोळायची, बोटं चिमुकली, हात मऊ. पायात गोळे आले की हे कारखान्यातून येऊन आधी पाय दाबायचे, मग हातपाय धुवायचे. पाणी फुलपात्रानं मोजून द्यायचं काम मंदाचं होतं. ती असली कडक, की सिस्टर बऱ्या.

माझ्या वयाच्या बाया दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाच्या गोष्टी करायच्या आणि मी आले की विषय बदलायच्या. मला ते कळायचं. मला आता मूल होऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, अजूनही. एकदा ह्यांच्या मामांनी ओट्यावर बसून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, ह्यांना सुचवलं, की तरणाताठा आहेस, दुसरी कर. हे म्हणाले, "मामा, एक सांभाळताना दमलोय, दोन कुटं सांभाळू?" मामा हसले. मीही आत हसले आणि मग तोंडात पदर कोंबून रडले.

बारसं

दादा आला तो नेमका चुलत दिरांच्या घरी बारसं होतं त्या दिवशी. खडी फोडून हाताला घट्टे पडलेले, चेहरा काळवंडलेला. माझी लुगडी गाठोड्यात बांधून दाराशी ठेवलेली होती. सकाळी मंदा त्या गाठोड्यावरच बसून होती, उठायलाच तयार नाही. दुपारचं जेवण बारशाला करायचं आणि तिथून परस्पर एसटी गाठायची, असं ठरलं.

पुरुषांची पंगत उठली, बायकांची बसली. माझा अळणी डबा मी घरून आणला होता. आत्याबाई माझ्या शेजारी. वाढून झालं, आणि आत्याबाईंनी आमटीचा पहिला घास तोंडात घातला तो तसाच थुंकला.

"आगं बया! मिठाची गोनी वतली का काय आमटीत?"

कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला मी. पण चुलत जाऊ गोरीमोरी झाली. "आवो, आत्ताच पुरुषांची पंगत उठली. कुनी ब्र काढला न्हाई. उलट वरून मीठ मागून घेतलं."

शेजारच्या बाईनं चाखून बघितलं. "बरुबर हाय की वो. जरा कमीच हाय."

आत्याबाईंनी भाजी चाखली. तोंड वाकडं झालं. वरणाला बोट लावलं, तेही पाण्याच्या घोटाबरोबर ढकललं. सगळ्या बाया बघायला लागल्या तशा त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. मग हळूच हात लांबवून माझ्या डब्यातली भाकरी मोडली, माझं पिठलं घेतलं आणि मुकाट्यानं जेवायला लागल्या. सरावानं, सुखानं.

मी घास हातात धरून बसले. म्हणजे तो एक घास दाखवण्यापुरता नव्हता. चुलीपाशी त्या एवढे दिवस, दोन्ही वेळा, हेच खात होत्या.

"माज्याकडं काय बघतीस?" त्या पुटपुटल्या. "जेव."

"कधीपासून, आत्याबाई?"

"दवाखान्यातनं आल्यापास्नं. तुला घालायचं ते आधी मला ठावं नगं व्हय, कसं लागतं ते?"

हुंदका आला तो मला आवरला नाही. सगळ्या पंगतीत बसून रडले.

बाहेर दादा त्याची पिशवी आणि माझं गाठोडं घेऊन उभा होता. "चल सुमे, गाडीची वेळ झाली." हे त्याच्या मागं, मंदाला कडेवर घेऊन.

"मी येत नाही, दादा."

त्यानं आत्याबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "ऐक गं बाई. माज्या हातनं पुन्हा काय चुकलं तर? मी अडानी. मला कुटलं काय कळतंय?"

"चुकलं तर तुमची जीभ सांगेल," मी म्हटलं. "एवढ्या पंगतीत कुणाला कळलं नाही ते तुम्हाला कळलं. माझ्या आईलासुद्धा कळायचं नाही. दुसरं कोण आहे माझ्याजवळ असं?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होत्या. मग दादाला म्हणाल्या, "पावनं, जावा तुमी. ईनबाईंला म्हनावं, पोरगी हितंच हाय." दादा त्यांच्या पाया पडला, माझं गाठोडं तिथंच ठेवलं आणि पिशवी उचलून एकटाच निघाला.

घरी येऊन आत्याबाईंनी गाठोडं सोडलं आणि लुगडी पुन्हा दांडीवर टाकली. मंदानं मला विचारलंही नाही, फुलपात्र आणून पाणी दिलं.

याला आता बरेच दिवस झाले. मी बरी झालेली नाही, होणारही नाही. आता तर दाराशी जाऊन आलं तरी बसावं लागतं. थकवा इतका, की कधी कधी वाटतं, पुरे आता. राहुरीकडच्या त्या बाईला सांगण्यासारखं माझ्याजवळ शहाणपण काही नाही, आमच्या घरात काय झालं तेवढं लिहिलं. तेलाची बाटली, लवंग आणि उशाला वळकटी एवढं मात्र जवळ ठेवा.

आज पिठलंच होतं. आत्याबाई ताट घेऊन आल्या, कॉटशी बसल्या, घास तोंडात घालून डोळे मिटून जरा थांबल्या.

"काय न्हाई ह्यात," त्या म्हणाल्या आणि ताट माझ्याकडं सरकवलं. "खा."